कर्ण्याला वीज कोणाची?

दिवाळीच्या फराळाचे ताट पुढे आले असता निवडणुकीची गोष्ट काढणे म्हणजे चकलीबरोबर एरंडेल वाढण्यासारखे आहे, हे मी जाणून आहे. पण वाचकहो, भिण्याचे कारण नाही. कोण निवडून यावा आणि कोण पडावा ह्याची चर्चा मी करणार नाही. ती आपल्या घरी भाऊबीजेपर्यंत होईलच. मला सांगावयाची आहे ती एका साध्या प्रश्नाची गोष्ट. उमेदवाराने मते मागताना ओरडावे किती, ओरडावे कोठून, कोणाच्या खर्चाने, आणि थांबावे केव्हा? प्रश्न दिसतो पोरकट, परंतु त्याच्यापायी ह्या देशात एका पंतप्रधानांची निवड रद्द झाली आहे.

पूर्वी आपल्या गावात दवंडी पिटली जाई. डफ वाजवणारा चावडीपासून वेशीपर्यंत जाई, आणि लोक कामे थांबवून ऐकत. ही दवंडी सरकारची असे. पाटलाच्या हुकुमावाचून डफावर थाप पडत नसे, आणि पाटलाच्या विरुद्ध दवंडी देण्याची तर सोयच नव्हती. लोकशाही आली तेव्हा हा डफ कोणाच्या गळ्यात घालावयाचा हा पेच आला. निवडणूक म्हणजे काय, तर आज जो पाटील आहे त्याच्या विरुद्धही तेवढ्याच जोराने डफ वाजवता आला पाहिजे. हे कागदावर लिहिणे सोपे आहे. ते घडवून आणण्यासाठी निरनिराळ्या देशांनी ज्या युक्त्या योजल्या, त्यांत गंमतही पुष्कळ आहे.

हा पेच प्रथम उभा केला नभोवाणीने. इंग्लंडात १९२४ च्या ऑक्टोबरात निवडणूक होती. बीबीसी तेव्हा दोन वर्षांचे लेकरू. तीन पक्षांच्या तीन नेत्यांना एकेक भाषण नभोवाणीवरून करू द्यावे असे ठरले. मजूर पक्षाचे रॅम्से मॅक्डोनाल्ड हे नामांकित वक्ते. त्यांनी ग्लासगोच्या भरसभेतच ध्वनिग्राहक मांडावयास लावला आणि नेहमीच्या सवयीने व्यासपीठावर येरझाऱ्या घालीत गर्जना केली. परिणाम असा झाला, की सभेतली माणसे भारावली आणि घरी बसलेल्यांना आवाज मध्येच ऐकू येई, मध्येच विरून जाई. हुजूर पक्षाचे बाल्डविन सभेत गेलेच नाहीत. ते एका खोलीत निवांत बसले आणि शेजाऱ्याशी बोलावे तसे बोलले. निवडणूक बाल्डविन ह्यांनी जिंकली. जिंकण्याची इतर कारणेही होती, पण घरात शिरणाऱ्या आवाजाला मैदानातला आवाज चालत नाही, हा धडा त्या दिवशी राजकारणी लोकांना मिळाला.

इंग्रजांनी पुढे एक रीत घालून घेतली. ध्वनिलहरींवरची वेळ विकावयाची नाही. ती पक्षांना फुकट वाटावयाची. दूरचित्रवाणीवर जाहिराती आणणारा १९५४ चा कायदा झाला, तेव्हा साबण विका, बिस्किटे विका, पण राजकीय जाहिरात मात्र चालणार नाही असे त्यात लिहिले गेले, आणि २००३ च्या नव्या कायद्यातही ती बंदी कायम आहे. फुकट वेळेचेही अनर्थ होतातच. १९५१ मध्ये दूरचित्रवाणीवर पहिले निवडणूक-भाषण झाले ते उदारमतवादी लॉर्ड सॅम्युएल ह्यांचे. वय ऐंशी. भाषण संपले की अमुक खूण करावयाची असे ठरले होते. म्हातारबुवांनी वाचता वाचता ती खूण नकळत आधीच केली, आणि भाषण पुरे होण्यापूर्वीच त्यांचे चित्र पडद्यावरून नाहीसे झाले! त्याच देशात आणखी एक विचित्र नियम होता. पार्लमेंटात जो विषय पुढील चौदा दिवसांत यावयाचा असेल, त्यावर बीबीसीने चर्चा करावयाची नाही. १९४४ च्या सुमारास हा नियम बीबीसीने आपण होऊन पाळला आणि १९५५ मध्ये सरकारने तो हुकूम म्हणूनच काढला. पुढच्याच वर्षी सुएझचे प्रकरण उभे राहिले. सारे जग ज्याच्याविषयी बोलत होते त्याच्याविषयी इंग्लंडच्या नभोवाणीने तेवढे गप्प राहावे, हे हास्यास्पद ठरले आणि नियम गुंडाळावा लागला.

अमेरिकेने दुसरा मार्ग धरला. तेथे वेळ विकत मिळते. पण एका उमेदवाराला दिली तर त्याच भावाने दुसऱ्यालाही दिली पाहिजे, फुकट दिली तर फुकट, असा १९३४ च्या कायद्याचा दंडक. ह्या दंडकाचा लाभ घेणारे एक गृहस्थ शिकागोला होते. नाव लार डॅली. अंकल सॅमचा पोशाख चढवून ते वर्षानुवर्षे निवडणुकांना उभे राहात आणि नियमाने पडत. १९५९ मध्ये नगराध्यक्ष एका परदेशी पाहुण्याचे स्वागत करताना बातम्यांत दिसले. ते स्वतःही उमेदवार होते. डॅलीसाहेबांनी अर्ज केला, मलाही तेवढीच वेळ दाखवा. आयोगाने कायदा वाचला आणि म्हटले, बरोबर आहे, दाखवा. मग मात्र काँग्रेस सभेने घाईघाईने कायदा बदलून बातम्यांना ह्या नियमातून सूट दिली. विकत वेळेचे टोक १९६४ मध्ये दिसले. एक चिमुरडी फुलाच्या पाकळ्या मोजते आहे, तिची मोजणी संपते, तोच एक पुरुषी आवाज उलटे आकडे मोजू लागतो आणि अणुबाँब फुटतो. जॉन्सन ह्यांच्या प्रचाराची ती जाहिरात पैसे देऊन एकदाच दाखवली गेली. प्रतिस्पर्ध्याचे नाव तिच्यात घेतलेलेच नव्हते. लोक समजले.

आता आपल्या घरी येऊ.

आपल्याकडे नभोवाणी जन्मली ती सरकारच्या मांडीवर, असे म्हणण्यास हरकत नाही. १९२७ मध्ये मुंबईस एका खाजगी कंपनीने केंद्र सुरू केले खरे, पण कंपनी लवकरच बुडाली आणि सरकारने ते काम आपल्याकडे घेतले. परक्या सरकारच्या हातातला हा कर्णा किती मोलाचा आहे हे ज्यांनी ओळखले त्यांत मुंबईची एक बावीस वर्षांची मुलगी होती. २७ ऑगस्ट १९४२ रोजी उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी चोरून काँग्रेस रेडिओ चालू केला. ४२.३४ मीटरवर तो ऐकू येई. पोलिसांच्या नाकावर टिच्चून यंत्र ह्या घरातून त्या घरात हलवीत त्यांनी नोव्हेंबरपर्यंत निभावले. मग पकडले गेले, आणि उषाबेन येरवड्यास गेल्या. स्वराज्यात तो कर्णा आपल्या सरकारकडे आला. कर्णा आपला झाला, पण एकाच हातात राहिला तो राहिलाच.

पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१ च्या ऑक्टोबरात सुरू झाली ती १९५२ च्या फेब्रुवारीपर्यंत चालली. मतदार सतरा कोटींहून अधिक, त्यांतले बहुसंख्य निरक्षर. म्हणून चिन्हे आली आणि प्रत्येक उमेदवाराची निराळी मतपेटी आली. नेहरूंनी विमानाने, मोटारीने, आगगाडीने, क्वचित होडीनेही मिळून सुमारे पंचवीस हजार मैलांचा प्रवास केला. कलकत्त्यास तर मोकाट गाईंच्या पाठीवर काँग्रेसला मत द्या असे रंगवले होते. गाईला आचारसंहिता कोण लावणार! पण आकाशवाणी मात्र सगळ्या पक्षांना बंद होती. तिने मतदान कसे करावे एवढे सांगावे, कोणाला करावे ह्याविषयी मौन धरावे. ह्या मौनाला एका पक्षाने मोठ्या चतुराईने बगल दिली. कम्युनिस्टांचा प्रचार मॉस्को रेडिओवरून, ताश्कंदमार्गे, आपल्या लोकांच्या घरी येऊ लागला. आपल्या देशातल्या निवडणुकीत रेडिओ वापरणारा पहिला पक्ष तो वापरू शकला परदेशातून.

पुढे पक्षांना वेळ वाटून द्यावी असा विचार अनेकदा निघाला. पण वाटणी कशी करावी ह्यावर पक्षांचे एकमत होईना. मोठा पक्ष म्हणे, माझ्या मतांच्या प्रमाणात. लहान पक्ष म्हणत, सर्वांना सारखी. चार भावांनी आंब्याच्या एका झाडावरून भांडावे आणि आंबे झाडावरच सडावेत तसे झाले. ह्या भांडणाचा लाभ अर्थातच सरकारात बसलेल्याला होतो, कारण त्याला निवडणुकीचे भाषण करावेच लागत नाही. धरणाचे उद्घाटन, कारखान्याची कोनशिला, राष्ट्राला उद्देशून चार शब्द, ह्या सर्व बातम्याच असतात.

ज्याला आकाशवाणी मिळत नाही त्याला काय उरते, ते महाराष्ट्राने १९५७ मध्ये दाखवून दिले. संयुक्त महाराष्ट्र समितीजवळ कर्णा सरकारी नव्हता. पण अमर शेख होते, अण्णा भाऊ साठे होते, गव्हाणकर होते. शाहिराच्या डफावर थाप पडली की गिरणगावातल्या चाळीच्या चाळी रस्त्यावर येत. आचार्य अत्रे ह्यांचा ‘मराठा’ नुकताच, १९५६ च्या नोव्हेंबरात निघाला होता. एक जण वाचून दाखवी आणि दहा जण ऐकत. त्या निवडणुकीत मुंबईत आणि पश्चिम महाराष्ट्रात समितीने काँग्रेसची दाणादाण उडवली आणि स्वतः अत्रे दादरहून निवडून आले. पाटलाच्या हुकुमावाचून दवंडी पिटता येते, हे असे कळले.

नियमांची बांधाबांध ह्यानंतर सुरू झाली. १९६० मध्ये केरळात निवडणुकीपूर्वी पक्षांनी बसून वागणुकीचे काही नियम ठरवले. सभा कशा घ्याव्या, मिरवणुका कशा काढाव्या, घोषणा कोणत्या द्याव्या. आज जिला आदर्श आचारसंहिता म्हणतात तिचे हे बाळपण. ती कायदा नव्हे, आजही नव्हे. ती आपसांतली बोली आहे, आणि म्हणूनच तिच्यावर टीका करणारे पुष्कळ आहेत. १९६१ मध्ये मात्र एक खराखुरा कायदा झाला. निवडणुकीच्या कोणत्याही पत्रकावर व भित्तिपत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक ह्यांचे नाव व पत्ता छापलाच पाहिजे, नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड. हा नियम मला फार आवडतो. तो कोणाचे तोंड बांधीत नाही. काय बोलायचे ते बोल, पण बुरखा काढून बोल, एवढेच तो म्हणतो.

आता त्या पंतप्रधानांच्या निवडीची गोष्ट. १९७१ मध्ये श्रीमती इंदिरा गांधी रायबरेलीतून एक लाखाहून अधिक मतांनी निवडून आल्या. पडलेले उमेदवार राजनारायण कोर्टात गेले. खटला चार वर्षे चालला. १२ जून १९७५ रोजी अलाहाबादच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा ह्यांनी निकाल वाचला. लाचलुचपतीचे, मतदारांना वस्तू वाटल्याचे मोठमोठे आरोप त्यांनी फेटाळले. दोन गोष्टी तेवढ्या शाबीत धरल्या. एक, यशपाल कपूर हे सरकारी नोकरीत असतानाच प्रचाराला लागले होते. आणि दुसरी? जिल्ह्याचे मॅजिस्ट्रेट, पोलीस अधीक्षक, बांधकाम खात्याचे आणि वीज खात्याचे अभियंते ह्यांनी पंतप्रधानांच्या प्रचारसभांसाठी व्यासपीठे उभारून दिली आणि ध्वनिक्षेपकांना वीज पुरवली. निवड रद्द, आणि सहा वर्षे निवडणूक लढवण्यास बंदी.

वाहतुकीचा नियम मोडला म्हणून पंतप्रधानाला घरी पाठवावे तसा हा प्रकार आहे, असे त्या वेळी पुष्कळांनी म्हटले, आणि आजही म्हणतात. मला तसे वाटत नाही. चार लाकडी फळ्या आणि एक तार, एवढाच तो ऐवज खरा. पण न्यायमूर्तींपुढे प्रश्न फळ्यांच्या किमतीचा नव्हता. अभियंता राजनारायणांच्या कर्ण्याला अशी तार जोडून देण्यास गेला असता काय, हा प्रश्न होता. दवंडीवाल्याचा डफ पुन्हा पाटलाच्याच दारी बांधला गेला होता, आणि एका न्यायाधीशाने तो सोडून मध्यभागी आणून ठेवला.

पुढचे सर्वांस ठाऊक आहे. २६ जूनच्या सकाळी पंतप्रधानांचा आवाज आकाशवाणीवर आला आणि देशाला आणीबाणी कळली. त्यानंतर कायदाच बदलण्यात आला, तोही मागील तारखेपासून: सरकारी नोकराने आपल्या कर्तव्याचा भाग म्हणून केलेली व्यवस्था ही उमेदवाराला मदत समजू नये. ७ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने श्रीमती गांधींची निवड कायम केली. वृत्तपत्रांवर नियंत्रण आले. आकाशवाणी आणि १९७६ च्या एप्रिलपासून वेगळी झालेली दूरदर्शन ही तर घरचीच. सरकारच्या कार्यक्रमांना गाण्यास किशोर कुमार राजी होईनात, तेव्हा त्यांची गाणी दोन्हीकडून बंद करण्यात आली. हा तपशील नंतर शाह आयोगापुढे आला. चोराला सोडून संन्याशाला सुळी देण्याची कथा आपण ऐकली होती. येथे गवय्याला देण्यात आली.

१८ जानेवारी १९७७ रोजी निवडणुका जाहीर झाल्या, त्याही नभोवाणीवरूनच. २ फेब्रुवारीला बाबू जगजीवनराम मंत्रिमंडळातून बाहेर पडले आणि ६ तारखेला दिल्लीच्या रामलीला मैदानावर विरोधकांची प्रचंड सभा ठरली. त्याच रविवारी दूरदर्शनने राज कपूरचा ‘बॉबी’ लावला. चार वर्षांपूर्वी ह्या चित्रपटाने देशातल्या तरुण पोरांना वेड लावले होते. घरबसल्या फुकट पाहावयास मिळत असता सभेला कोण जाईल, असा हिशेब असावा. लोक सभेला गेले. काही तर म्हणे पायी गेले. बाबूंनी बॉबीवर मात केली, असा विनोद दुसऱ्या दिवशीपासून सुरू झाला तो अजून संपलेला नाही.

महाराष्ट्रात त्या वेळी पु. ल. देशपांडे प्रचाराला बाहेर पडले. हा माणूस आकाशवाणीत नोकरी केलेला, दूरचित्रवाणीच्या आरंभीच्या दिवसांत दिल्लीला काम केलेला. ध्वनिग्राहकापुढे कसे बोलावे हे त्यांच्याहून अधिक कोणास कळत होते? पण १९७७ मध्ये ज्या कर्ण्यावरून ते बोलले तो मैदानातला, वर्गणी काढून भाड्याने आणलेला. लोक तिकीट काढून नाटकाला जावे तशा ओढीने त्या सभांना जात, असे आमच्या घरातली वडीलधारी मंडळी सांगत.

आणि गंमत पाहा, जी वाटणी पंचवीस वर्षे जमली नव्हती ती ह्याच निवडणुकीत जमली. मान्यताप्राप्त पक्षांना आकाशवाणी व दूरदर्शनवर फुकट वेळ देण्याची सुरुवात १९७७ चीच. ज्या यंत्रांवरून दीड वर्ष एकच सूर निघत होता त्यांवरून विरोधकांचे भाषण ऐकू येणे म्हणजे काय असेल, ह्याची कल्पना आज मोबाइल हातात घेऊन जन्मलेल्या मुलांना देता येणार नाही. २० मार्चला मतदान संपले. मतमोजणीत श्रीमती गांधी रायबरेलीतून ५५,२०२ मतांनी पडल्या. निवडून आलेल्याचे नाव राजनारायण.

ह्यावरून कोणी म्हणेल, मग प्रचाराच्या साधनांना एवढे भ्यावे कशाला? सारी साधने हाती असूनही हार झालीच ना? हा युक्तिवाद मला फसवा वाटतो. एकोणीस महिने लोकांनी सोसले ते त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसत होते. त्याला बातमीची गरज नव्हती. जे डोळ्यांनी दिसत नाही त्याच्याविषयी मत बनवायचे असते तेव्हा कर्णा कोणाच्या हाती आहे ह्याला महत्त्व येते.

फुकट वेळेची ती योजना १९९८ मध्ये निवडणूक आयोगाने नीट मांडली आणि २००३ मध्ये तिला कायद्याचा आधार मिळाला. जुन्या भावंडांच्या भांडणावर तोडगा असा निघाला, की प्रत्येक पक्षाला आधी एक सारखा वाटा द्यावा आणि वर मागच्या निवडणुकीतल्या मतांच्या प्रमाणात भर घालावी. दोघांचेही समाधान, किंवा दोघांचीही सारखीच तक्रार. पाच-पाच मिनिटांची कुपने निघाली आणि कोण कोणत्या दिवशी बोलणार हे चिठ्ठ्या टाकून ठरू लागले. रेशनच्या दुकानासारखी ही रीत. मला तिच्यात काही कमीपणा वाटत नाही. टंचाईच्या काळात रॉकेल जसे सर्वांना मिळाले पाहिजे तसेच हे. अलीकडे, २०२३ मध्ये, कागदी कुपनाऐवजी संगणकावरची कुपने देण्याचे ठरले.

पण एक काटा राहून गेला. भाषणाचा मसुदा आधी द्यावा लागतो आणि तो तपासला जातो. इतर देशांवर टीका नको, धर्मांवर वा जातींवर हल्ला नको, हिंसेला चिथावणी नको, न्यायालयाचा अवमान नको, हे सर्व ठीक. २०२४ च्या निवडणुकीत मार्क्सवादी पक्षाचे सीताराम येचुरी आणि फॉरवर्ड ब्लॉकचे देवराजन ह्यांच्या भाषणांतून काही शब्द गाळावयास लावले गेले. येचुरींना ‘जुलमी कायदे’ म्हणता येईना, आणि कारभाराच्या ‘दिवाळखोरी’च्या जागी ‘अपयश’ म्हणावे लागले. अधिकाऱ्यांनी नियमाकडे बोट दाखवले; मुख्यमंत्र्यांचीही भाषणे अशीच दुरुस्त झाली आहेत, असेही सांगितले. सांगितले ते खरे असेल. मी शाळामास्तर आहे, निबंधातले शब्द खोडून दुसरे लिहिण्यात माझा जन्म गेला. तेव्हा ह्या मोहाची जात मला ओळखू येते. पण विरोधी पक्षाने सरकारला शिव्या न देता सरकारविरुद्ध मत कसे मागावे, हे काही मला सुचत नाही. पाच मिनिटे द्यावयाची आणि त्यांतले मीठ काढून घ्यावयाचे, ह्याला वाटणी म्हणवत नाही.

विकत जाहिरातीची कथा निराळी. आपल्याकडे व्यावसायिक जाहिरातवाल्यांनी निवडणूक हाती घेतली ती १९८४ मध्ये. राजीव गांधींच्या काँग्रेससाठी रेडिफ्यूजन ह्या संस्थेने वृत्तपत्रांत पानभर जाहिराती काढल्या. काटेरी तारा आणि सीमेचे भय. तोवर पक्ष जाहिरनामा छापीत. आता भीती छापू लागले. मग व्हिडिओच्या गाड्या खेड्यांतून फिरू लागल्या. माझ्या लहानपणीची १९८९ ची निवडणूक मला आठवते ती दूरदर्शनच्या मतमोजणीमुळे: निकालांच्या मधल्या वेळात चित्रपट लावीत, आणि आम्ही मुले चित्रपट थांबून मंत्री पडल्याची बातमी आली की चडफडत असू.

केबलवरच्या वाहिन्या आल्या तेव्हा १९९४ च्या नियमांनी त्यांच्यावर राजकीय जाहिरातींना साफ बंदी घातली, इंग्रजांच्याच वळणावर. दहा वर्षांनी आंध्रच्या उच्च न्यायालयाने ही बंदी रद्द केली. निवडणूक तोंडावर आलेली, वाहिन्या पुष्कळ; आता मोकळे रान मिळणार असे दिसू लागले. १३ एप्रिल २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मधली वाट काढली. जाहिरात द्या, पण आधी आयोगाला दाखवा. नोंदणी झालेल्या पक्षाने आणि उमेदवाराने तीन दिवस आधी, इतरांनी सात दिवस आधी. बनवण्यास खर्च किती, दाखवण्यास किती, कोणाच्या लाभासाठी, हे लिहून द्या. आणि पैसे रोखीने नव्हे, चेकने किंवा ड्राफ्टने द्या. ही तात्पुरती व्यवस्था होती, १० मेपर्यंतची. ती पुढे चालू राहिली, आणि आज जिल्ह्याजिल्ह्यांत ह्यासाठी समित्या बसतात. तात्पुरत्या गोष्टी ह्या देशात सर्वांत टिकाऊ असतात.

खर्चाचे मात्र ह्या सर्व नियमांतून पाणी गळते. उमेदवाराला मर्यादा आहे. पहिल्या निवडणुकीत लोकसभेसाठी पंचवीस हजार रुपये होती, २०२२ पासून मोठ्या राज्यांत ९५ लाख झाली. पक्षाला मर्यादाच नाही. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणाले होते, की पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही उमेदवाराच्याच खाती धरा. सरकारने तत्परतेने कायदा दुरुस्त करून तो खर्च वगळला. नवऱ्याच्या पगाराचा पै पै हिशेब ठेवावा आणि सासऱ्याने पाठवलेल्या थैलीकडे पाहू नये, तसा हा संसार आहे.

मतदान संपण्यापूर्वीचे अठ्ठेचाळीस तास प्रचार बंद, हा नियम आपण सर्वांनी अनुभवला आहे. कर्णे एकदम थांबतात आणि गावाला आपलाच श्वास ऐकू येतो. १९९६ च्या दुरुस्तीत ह्या बंदीत चित्रपट व दूरचित्रवाणी आली. वृत्तपत्रे आली नाहीत, म्हणून मतदानाच्या सकाळीही पहिल्या पानावर हात जोडलेला चेहरा असतो. हल्ली त्यालाही आधी मंजुरी लागते एवढेच. आणि मोबाइल? २०१३ मध्ये आयोगाने समाजमाध्यमांना हे नियम लावले, २०१९ मध्ये त्या कंपन्यांनी तक्रार आल्यास तीन तासांत मजकूर काढण्याचे स्वतःहून कबूल केले, आणि २०२४ मध्ये यंत्राने रचलेल्या खोट्या चित्रफितींसाठी पक्षांनाही तीन तासांचीच मुदत मिळाली. तीन तासांत काय होते? आमच्या गावात सकाळी आठाला आलेली चित्रफीत दूध घालून परत येईपर्यंत बांधावरच्या माणसाने पाहिलेली असते. तिच्यावर मुद्रकाचे नाव नाही, प्रकाशकाचा पत्ता नाही. १९६१ चा तो साधा नियम, पत्रक काढतोस तर नाव लिही, मला सर्वांत अधिक आठवतो तो येथे.

चिन्हांच्या बाबतीत मात्र आयोग फार दक्ष. २०१२ मध्ये उत्तर प्रदेशात निवडणूक आली, तेव्हा लखनौच्या आणि नोइडाच्या उद्यानांतले मायावतींचे पुतळे आणि दगडी हत्ती कापडात गुंडाळून ठेवण्याचा हुकूम निघाला, कारण हत्ती हे त्यांच्या पक्षाचे चिन्ह. गुंडाळलेला हत्ती उघड्या हत्तीहून अधिक लक्ष वेधतो, असे पाहणाऱ्यांचे म्हणणे पडले.

आमच्या शाळेत मतदान केंद्र असते. आदल्या दिवशी शंभर मीटरांची पांढरी रेघ मारली जाते आणि भिंतीवरची पुढाऱ्यांची चित्रे उतरवली जातात. मागच्या खेपेस पहिलीच्या वर्गातला मुळाक्षरांचा तक्ता काढावा की ठेवावा ह्यावर आम्हा शिक्षकांत बराच खल झाला. त्यात क कमळाचा, घ घड्याळाचा, ध धनुष्याचा, ह हाताचा. केंद्राध्यक्ष सरळ मनाचे गृहस्थ होते. त्यांनी तक्ताच गुंडाळून कपाटात ठेवायला सांगितला. तिसऱ्या दिवशी वर्ग भरला तेव्हा तो आम्ही पुन्हा खिळ्याला अडकवला.